मातीतील जिवाणू, साखर आणि तिचा हिशेब

अंधेरी स्थानकाच्या पश्चिमेस गिल्बर्ट टेकडी या नावाने ओळखला जाणारा काळ्या पाषाणाचा एक उभा सुळका आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वर आलेल्या तप्त रसाचा तो थिजलेला अवशेष होय. अशाच पाषाणाची झीज होऊन साष्टी बेटावरील डोंगरउताराची माती तयार झाली. समुद्राच्या बाजूस खाजणाची खारट चिकणमाती आहे व पूर्वेस डोंगराच्या पायथ्याशी तांबूस, मुरमाड जमीन आहे. सन १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा होईपर्यंत अंधेरी, मरोळ, चकाला ही गावे ठाणे जिल्ह्यातील साष्टी तालुक्यात मोडत, आणि तेथे भातशेती व भाजीपाल्याची लागवड होत असे. आज तेथे शेताचे तुकडे आरे वसाहतीतील पाड्यांच्या आसपास काय ते दिसतात. तथापि शेती गेली म्हणून मातीचे काम थांबले असे मात्र नाही. याच बेटाच्या पूर्व कडेस असलेल्या मुलुंड येथील मातीने अलीकडच्या काळात शास्त्रज्ञांना एक मोलाची वस्तू दिली. तिची हकीकत शेतकऱ्यांनीही जाणून घेण्यासारखी आहे. कारण तिच्यातून मातीतील जिवाणूंना साखर दिली असता ते काय करतात, आणि काय करू शकत नाहीत, हे दोन्ही स्पष्ट होते.

मुलुंडच्या मातीतील जिवाणू

मुलुंड येथे हेक्स्ट या औषध कंपनीचे संशोधन केंद्र होते. तेथील एक काम असे की, देशाच्या निरनिराळ्या भागांतून मातीचे नमुने आणावयाचे, त्यांतील जिवाणू एकेक करून वेगळे वाढवावयाचे, आणि रोगजंतूंना मारणारा एखादा पदार्थ त्यांपैकी कोणी तयार करतो की काय हे तपासावयाचे. हजारो नमुन्यांतून एखादाच उपयोगी निघतो, म्हणून हे काम चिकाटीचे असते. अशा शोधात दूरच्या अरण्यातील माती अधिक गुणाची असेल असे सामान्यतः वाटते. परंतु प्रत्यक्षात एक उत्तम वाण मुलुंडच्याच मातीत सापडला. बॅसिलस कुलातील या जिवाणूस 'एच.आय.एल. वाय-८५,५४७२८' असा क्रमांक देण्यात आला. तो जो पदार्थ तयार करतो त्यास 'मर्सॅसिडिन' असे नाव मिळाले, आणि चॅटर्जी, गांगुली प्रभृती संशोधकांनी सन १९९२ मध्ये 'जर्नल ऑफ अँटिबायोटिक्स' या नियतकालिकात त्याची माहिती प्रसिद्ध केली.

मर्सॅसिडिन हा वीस अमिनो आम्लांच्या साखळीचा एक लहानसा पदार्थ आहे. जिवाणूंच्या पेशीस बाहेरून एक भक्कम भिंत असते. ही भिंत बांधण्यासाठी पेशीच्या आतून एकेक वीट बाहेर आणून बसविली जाते. मर्सॅसिडिन ही वीट वाटेतच पकडून ठेवतो. त्यामुळे भिंतीचे बांधकाम थांबते व रोगजंतू मरतो. रुग्णालयांतून आढळणारे काही स्टॅफिलोकॉकस जंतू मेथिसिलीनसारख्या औषधांना दाद देत नाहीत. त्यांवरही मर्सॅसिडिन परिणामकारक असल्याचे आढळून आले आहे. तो अद्याप औषध म्हणून बाजारात आलेला नाही. परंतु त्याची काम करण्याची रीत इतकी निराळी आहे की, निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळा आजही त्याचा अभ्यास करीत आहेत.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. अन्न मुबलक असून जिवाणूंची संख्या झपाट्याने वाढत असते त्या वेळी मर्सॅसिडिन फारसा तयार होत नाही. वाढ मंदावू लागली, म्हणजे अन्न संपत आले व गर्दी झाली, की मग तो बाहेर टाकला जातो. याचे कारण समजण्यास कठीण नाही. घरात धान्य भरलेले असता शेजाऱ्याशी तंटा करण्याची गरज पडत नाही. टंचाई आली की बांधावरून भांडणे सुरू होतात. मातीच्या कणाकणावर असेच चालते, आणि त्या भांडणातील हत्यार मनुष्याने औषध म्हणून उचलले.

पुण्याजवळील पिंपरी येथेही असाच प्रकार घडला. सन १९५४ मध्ये तेथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पेनिसिलीन हे बुरशीपासून मिळते, जिवाणूपासून नव्हे. परंतु या कारखान्यातील संशोधक डॉ. एम. जे. थिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनी पिंपरीच्याच मातीतून स्ट्रेप्टोमायसिस वर्गातील एक जिवाणू वेगळा केला. त्याचे नाव गावावरून 'पिंप्रिना' असे ठेवण्यात आले, व त्यापासून मिळालेले 'हॅमायसिन' हे बुरशीनाशक सन १९६१ मध्ये प्रसिद्धीस आले. याच शाखेतील दुसऱ्या एका मृत्तिकाजन्य जिवाणूपासून तेथे 'ऑरिओफंजिन' हे बुरशीनाशक सिद्ध झाले व ते पिकांवरील बुरशीजन्य रोगांसाठी उपयोगात आले. पावसाची पहिली सर पडल्यावर मातीस जो सुवास येतो तोही मुख्यतः या स्ट्रेप्टोमायसिस वर्गाचीच करणी होय, एवढे सांगितले म्हणजे शेतकऱ्यास हा जिवाणू परका वाटणार नाही.

साखरेचे काय होते

जिवाणू साखर खातो म्हणजे तिचे तुकडे करतो. द्राक्षशर्करेच्या एका रेणूत कार्बनचे सहा अणू असतात. प्रथम त्याचे तीन-तीन अणूंचे दोन सारखे भाग होतात. येथपर्यंतची वाट बहुतेक सर्व जिवाणूंना सामाईक आहे. पुढे मात्र फाटे फुटतात. भरपूर हवा मिळाली तर या तुकड्यांचे पूर्ण ज्वलन होऊन कर्बवायू व पाणी उरते, आणि जिवाणूस पुष्कळ शक्ती मिळते. हवा नसेल तर ज्वलन अर्धवट राहते व आम्ल, मद्यार्क, असिटोन यांसारखे पदार्थ मागे उरतात. जिवाणूच्या दृष्टीने ती राख आहे. मनुष्याच्या दृष्टीने तोच माल आहे.

घरी दही लावताना गृहिणी हेच शास्त्र पाळते. ती दूध उकळते, म्हणजे त्यातील भलतेसलते जंतू मरतात. ते कोमट झाल्यावर चांगल्या दह्याचे विरजण लावते, म्हणजे ठरावीक जिवाणूंचा समूह त्यात सोडते. भांडे झाकून उबेत ठेवते, आणि वेळेवर काढून घेते. यांतील एक पायरी चुकली तरी दही बिघडते. कारखान्यातील पोलादी टाकी व घरातील दह्याचे भांडे यांत तत्त्वाचा फरक नाही. फरक आहे तो काटेकोरपणाचा. कारण एक लाख लिटरच्या टाकीत परक्या जिवाणूचा शिरकाव झाला तर सगळा माल गटारात ओतावा लागतो.

नाशिकचा असिटोन कारखाना

मातीतील जिवाणूंकडून रासायनिक द्रव्ये मोठ्या प्रमाणावर तयार करवून घेण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वीच झाला होता, हे पुष्कळांस ठाऊक नसते. पहिल्या महायुद्धात कॉर्डाइट ही धूररहित दारू बनविण्यासाठी असिटोन हा द्रव हवा असे. तो लाकडाच्या ऊर्ध्वपातनाने मिळे व पुरेसा मिळत नसे. मँचेस्टर येथील रसायनशास्त्रज्ञ खाइम वाइझमान यांनी माती व धान्य यांत सापडणारा एक जिवाणू निवडून काढला. त्याचे नाव क्लॉस्ट्रिडियम असिटोब्युटिलिकम. हा जिवाणू पिठूळ पदार्थ व साखर यांपासून असिटोन, ब्युटॅनॉल व थोडा मद्यार्क तयार करतो. दहा भाग माल निघाला तर त्यात सुमारे तीन भाग असिटोन, सहा भाग ब्युटॅनॉल व एक भाग मद्यार्क असतो. याच पद्धतीच्या आधारे हिंदुस्थान सरकारने नाशिक येथे असिटोनचा कारखाना उभारला. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक गिल्बर्ट फाउलर यांचा या कामाशी निकटचा संबंध होता. १९१८ मध्ये युद्ध संपले व असिटोनची निकड संपली. पुढे त्या जागेचा उपयोग मद्यार्काच्या सरकारी भट्टीसाठी करण्यात आला.

हा जिवाणू हवा मुळीच सोसत नाही. प्रतिकूल परिस्थितीत तो कठीण कवचाचे बीज धारण करतो, आणि ते बीज एक-दोन मिनिटे उकळत्या पाण्याचा चटकाही सहन करते. वाइझमान यांच्या पद्धतीतील मौजेची गोष्ट हीच. मिश्र जिवाणूंस असा चटका दिला की कोवळे जिवाणू मरतात व बीजधारी तेवढे उरतात. जणू शेत नांगरून तण मारावे व चिवट गाठ तेवढी जमिनीत राहावी. मग त्यातील उत्तम वाण निवडावयाचा.

त्याचे काम दोन टप्प्यांत चालते. आरंभी तो साखरेपासून ॲसेटिक व ब्युटिरिक ही आम्ले तयार करतो व द्रव आंबट होत जातो. आंबटपणा स्वतःलाच बाधू लागला म्हणजे तो आपली रीत पालटतो, आणि तीच आम्ले आत ओढून घेऊन त्यांचे असिटोन व ब्युटॅनॉल करतो. परंतु ब्युटॅनॉलही विषच आहे. द्रवात त्याचे प्रमाण शेकडा दीडच्या आसपास गेले की जिवाणू थंड पडतो. म्हणून शंभर लिटर द्रवातून जेमतेम दोन किलो माल मिळतो, व उरलेले अठ्ठ्याण्णव भाग पाणी तापवून वेगळे काढावे लागते. इंधनाचा खर्च येथेच वाढतो. याखेरीज जिवाणूंवर जगणारे विषाणूही असतात. अमेरिकेत १९२० नंतरच्या दशकात त्यांनी या उद्योगास मोठा उपद्रव दिला.

पुढे मळीवर चांगले वाढणारे वाण मिळाले, आणि दक्षिण आफ्रिकेत या पद्धतीचा कारखाना १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत मळीवर चालू होता. परंतु खनिज तेलापासून हीच द्रव्ये स्वस्त मिळू लागल्यावर बहुतेक ठिकाणचे कारखाने बंद पडले. जिवाणू नालायक ठरला म्हणून ते बंद पडले नाहीत. हिशेब बसेना म्हणून पडले.

एक टन उसाची मळी

हा हिशेब ऊस उत्पादकांनी स्वतः मांडून पाहण्यासारखा आहे. एक टन ऊस गाळला असता साधारणपणे ४० ते ४५ किलो मळी निघते. तिच्यात निम्म्याच्या आसपास साखर असते, म्हणजे सुमारे २० किलो. ही साखर जिवाणूंच्या स्वाधीन केली तर काय मिळेल?

क्लॉस्ट्रिडियमला दिली तर साखरेच्या सुमारे तीस टक्के, म्हणजे सहा किलो असिटोन-ब्युटॅनॉल मिळेल. काही मृत्तिकाजन्य जिवाणू जादा साखर पेशीत प्लॅस्टिकसारख्या पदार्थाच्या रूपाने साठवितात. शेतकरी जसा कणगीत धान्य साठवितो तसेच हे आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील लेम्वान यांनी सन १९२६ मध्ये हा पदार्थ बॅसिलस जिवाणूत प्रथम ओळखला. त्यापासून बनविलेले प्लॅस्टिक मातीत कुजते. ब्राझीलमधील साव पावलो प्रांतात साखर कारखान्याला जोडूनच ते तयार करण्याचा प्रयोग झाला. तेथे एक किलो प्लॅस्टिकला सुमारे तीन किलो साखर लागते असे आढळले. त्या मानाने आपल्या २० किलो साखरेचे साडेसहा किलो प्लॅस्टिक होईल.

तीच साखर कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम या जिवाणूस दिली तर मात्र चित्र पालटते. सन १९५६ मध्ये जपानमधील क्योवा हाक्को कंपनीच्या संशोधकांस हा जिवाणू मातीत सापडला. तो ग्लुटामिक आम्ल पेशीबाहेर टाकतो. त्याचे रहस्य असे की, बायोटिन या जीवनसत्त्वाची त्यास टंचाई पडली म्हणजे त्याच्या पेशीचे आवरण झिरपू लागते, व आत तयार झालेले आम्ल बाहेर येते. मळीत बायोटिन मुबलक असते, म्हणून मळी वापरताना ते आवरण कृत्रिम उपायांनी सैल करावे लागते. याच जिवाणूच्या सुधारित वाणांपासून लायसिन मिळते. कोंबड्यांच्या खाद्यात मका अधिक असला तर लायसिनची उणीव पडते, ही गोष्ट कुक्कुटपालकांस परिचित आहे. खाद्याच्या पिशवीवर जे लायसिन लिहिलेले असते ते बहुतांशी अशाच रीतीने साखरेपासून किंवा स्टार्चपासून तयार झालेले असते. जगात दरवर्षी ते लाखो टन तयार होते. येथे तेलापासून स्वस्त पर्याय मिळत नाही, म्हणून हा उद्योग टिकला.

आता शेवटचा भाग, आणि शेतकऱ्यांच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. ॲझोटोबॅक्टर हा जमिनीत स्वतंत्रपणे राहणारा जिवाणू साखरेच्या बळावर हवेतील नत्र धरतो. तो सन १९०१ मध्ये हॉलंडमधील बायरिंक यांनी शोधून काढला. प्रयोगशाळेत एक ग्रॅम साखर खर्चून तो साधारणपणे १० ते २० मिलिग्रॅम नत्र बांधतो. म्हणजे २० किलो साखरेतून फार तर ४०० ग्रॅम नत्र. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत २० किलो ७०० ग्रॅम नत्र असते. तेवढे नत्र ॲझोटोबॅक्टरकडून मिळवावयाचे तर एक टनाहून अधिक साखर लागेल, आणि तीही त्याने उत्तम रीतीने काम केले तर. मळीच्या रूपाने ही साखर सुमारे पन्नास टन उसातून येते. पुष्कळ शेतकऱ्यांचे एका एकराचे उत्पन्नही तेवढे नसते. एका गोणीसाठी एकरभर उसाची मळी!

जमिनीत गूळ ओतल्याने काय होते

वरील हिशेब मांडण्याचे कारण असे. गुळाचे पाणी किंवा मळी जमिनीत घातल्यास जिवाणू वाढतात व ते नत्र देतात, अशी समजूत अनेक ठिकाणी आढळते. यातील पहिला भाग खरा आहे. एका ग्रॅम सुपीक मातीत कोट्यवधी जिवाणू असतात, आणि ते बहुधा अर्धपोटी असतात. गूळ मिळताच ते भराभर वाढतात. परंतु जो वाढतो तो ॲझोटोबॅक्टरच असेल असे नाही. हवेतील नत्र घेण्यास पुष्कळ शक्ती खर्चावी लागते. जमिनीत तयार नत्र असताना ते उचलून वाढणारे इतर जिवाणू अधिक चपळ ठरतात. ते जमिनीतील नत्र आपल्या पेशींत कोंडून ठेवतात व पीक काही दिवस पिवळे पडते. पुढे ते जिवाणू मेले म्हणजे नत्र पुन्हा मोकळे होते. परंतु कोवळ्या पिकाचे ते दिवस फुकट जातात. न कुजलेले भाताचे तूस किंवा उसाचे पाचट पेरणीच्या तोंडावर गाडले असता पीक पिवळे पडते, तोच हा प्रकार होय.

शेण, गोमूत्र व गूळ यांचे मिश्रण काही दिवस ठेवून वापरण्याची पद्धत सध्या अनेक शेतकरी आचरतात. त्यात जिवाणू विपुल वाढतात यात शंका नाही. मात्र कोणते वाढले हे त्या वेळचे शेण, माती, उष्मा व ढवळणे यांवर अवलंबून राहते. दोन गावांतील दोन पिंपांत एकच वस्तू तयार झाली असे धरून चालता येत नाही. विरजण न लावता नासलेल्या दुधाचेही कधी कधी दही होते, तसे हे आहे. कोणी बाटलीतील गढूळ पाणी दाखवून हे नत्र, हे औषध व हेच बुरशीनाशक असे एका दमात सांगू लागला, तर गावपातळीवरील कार्यकर्त्याने त्यास दोन प्रश्न विचारावेत: यात कोणता जिवाणू आहे, आणि तो एका ग्रॅममध्ये किती आहे. अधिकृत जिवाणूखताच्या पाकिटावर या दोन्ही गोष्टी छापलेल्या असतात, व शिवाय वापरण्याची अंतिम तारीखही असते.

पिकास नत्र मिळवून देण्याचा स्वस्त मार्ग दुसरा आहे. तूर, हरभरा, भुईमूग, सोयाबीन यांच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम जिवाणू राहतो. त्यास लागणारी साखर शेतकऱ्यास विकत आणावी लागत नाही. पाने ती सूर्यप्रकाशात तयार करतात व रोप ती थेट गाठीत पोहोचविते. या व्यवहारात मधले चोर नसतात, कारण गाठीत दुसऱ्या जिवाणूस सहसा प्रवेश नसतो. गाठ चिरली असता आतून गुलाबी दिसली म्हणजे काम चालू आहे असे समजावे. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती रिकामी बसली आहे.

बशीतील परीक्षा

ॲझोटोबॅक्टर आपल्या जमिनीत आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहता येते. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी शंभर वर्षांपूर्वी ही रीत बसविली, व अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात १९३० नंतरच्या दशकात जमिनीतील स्फुरदाची उणीव ओळखण्यासाठी तिचा उपयोग करण्यात आला. शाळेतील विद्यार्थ्यांसही ती करता येते.

शेतातील चार-पाच ठिकाणची वरची वीतभर थरातील माती एकत्र करून सावलीत वाळवावी व चाळून घ्यावी. चार स्वच्छ बशा घ्याव्यात. प्रत्येकीसाठी ५० ग्रॅम माती, तीत अडीच ग्रॅम मक्याचे स्टार्च (वाण्याकडे कॉर्नफ्लॉवर या नावाने मिळते) व चिमूटभर खडूची पूड मिसळावी. पहिल्या बशीत आणखी काही घालू नये. दुसरीत चिमूटभर स्फुरद खत, तिसरीत चिमूटभर सल्फेट ऑफ पोटॅश व चौथीत दोन्ही घालावे. युरिया किंवा नत्रयुक्त संयुक्त खत चुकूनही घालू नये. तयार नत्र मिळाले की हवेतील नत्र घेणाऱ्या जिवाणूचे वैशिष्ट्यच उरत नाही आणि दुसरेच जिवाणू माजतात. उकळून निववलेले पाणी थोडे थोडे घालून पुरणाइतका घट्ट गोळा मळावा, बशीत दाबून बसवावा, व ओल्या सुरीने पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत करावा. बशा एका डब्यात ओल्या फडक्याजवळ ठेवून झाकाव्यात, म्हणजे माती सुकणार नाही. मात्र झाकण हवाबंद नसावे, कारण या जिवाणूस हवा लागते. ३० अंशांच्या आसपासची ऊब पुरेशी आहे. उन्हात ठेवू नये.

दोन ते तीन दिवसांत पृष्ठभागावर चकचकीत, चिकट, दुधी रंगाचे ठिपके उठतात. ते टाचणीच्या डोक्यापासून मुगाएवढे असतात, आणि पुढे काही तपकिरी होतात. हेच ॲझोटोबॅक्टर. हा चिकटपणा साखरेपासूनच तयार झालेला असतो, व माती कणीदार होण्यास तो मदत करतो. पहिल्या बशीत ठिपके विरळ व दुसरीत दाट असतील तर जमिनीत उपलब्ध स्फुरद कमी आहे असा तर्क करता येतो. चारही बशांत सारखे दाट असतील तर स्फुरद-पालाश बरे आहे. चारही कोऱ्या राहिल्या, तर जमीन आम्ल असण्याचा संभव अधिक. हा जिवाणू सामू सहाच्या खाली गेला की सहसा टिकत नाही. कोकणातील जांभ्या जमिनीत असे वारंवार घडते, आणि तेथे ॲझोटोबॅक्टरचे पाकीट आणून टाकण्याआधी चुन्याचा विचार करणे श्रेयस्कर ठरते. अंधेरीच्या बाजूस ज्यांची घराजवळची बाग किंवा कुंड्या आहेत त्यांनीही ही परीक्षा करून पाहावी. खाजणाच्या भरावाची माती व डोंगराकडील माती शेजारी शेजारी ठेवली असता फरक चटकन दिसतो.

ही परीक्षा माती परीक्षण प्रयोगशाळेच्या अहवालाची जागा घेऊ शकत नाही. खताची मात्रा तिच्यावरून ठरवू नये. ती पाहण्याची रीत आहे, मोजण्याची नव्हे.

बीजप्रक्रियेसाठी गूळ लागतो तो मात्र थोडाच, व तो मुख्यतः चिकटविण्यासाठी लागतो. एक लिटर पाण्यात सुमारे १२५ ग्रॅम गूळ उकळून ते पाणी पूर्णपणे निवू द्यावे. दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम जिवाणूखत या प्रमाणात पुरेशा गूळपाण्यात कालवून बियाण्यावर हलक्या हाताने चोळावे, बियाण्याची साल निघू देऊ नये, सावलीत वाळवावे व त्याच दिवशी पेरावे. बुरशीनाशक लावावयाचे असेल तर ते आधी लावून जिवाणूखत शेवटी लावावे. घाईने गरम गूळपाण्यात पाकीट ओतल्यास त्यातील जिवाणू तेथेच मरतात, आणि पुढे पाकीट बनावट होते अशी तक्रार येते. अशी तक्रार आल्यास कार्यकर्त्याने प्रथम पाकिटावरील तारीख पाहावी, ते कोठे ठेवले होते याची चौकशी करावी, आणि पाणी किती निवले होते हेही विचारून घ्यावे.